तिसऱ्या भिंतीची किंमत : फेल्डहोवनमधलं एक जुनं कॉर्नरचं घर

नेदरलँड्समध्ये रो-हाउसच्या रांगेतलं टोकाचं घर विक्रीला आलं की त्याला मधल्या घरापेक्षा जास्त भाव येतो. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. शेजारी एकाच बाजूला, उजेड तीन बाजूंनी, बाग मोठी, आणि सायकल घरातून न नेता थेट बागेत. या प्रकरणातल्या जोडप्यानेही पहिल्या दिवशी हीच यादी म्हणून दाखवली. कागद उघडल्यावर मात्र व्यवहारातला जवळपास सगळा नफा आणि सगळा धोका दोनच ठिकाणी दिसला : बाजूची उघडी भिंत, आणि त्या भिंतीपासून कुंपणापर्यंतची जमीन. जुनं स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातल्या तपकिरी फरश्या यांवर घरात जितकी चर्चा झाली, तितकी या दोन गोष्टींवर सुरुवातीला झाली नव्हती.

जोडपं मराठी. तो सांगली जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला, वय ३६, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात नोकरी. ती नाशिकची, वय ३३, सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी शाळेत जायला लागलेली. व्यवहार २०२४ च्या वसंतातला. मी त्यांच्यासोबत कागद वाचायला होते. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गाव, वस्ती, घर

फेल्डहोवन आइंडहोवनला खेटून आहे. १९२१ मध्ये आजूबाजूची खेडी एकत्र करून ही नगरपालिका झाली, आणि पुढे आइंडहोवन फुगत गेलं तसं तिथेही १९६० आणि ७० च्या दशकांत शेतांवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल यांच्या भागीदारीतून जन्मलेल्या एएसएमएलचं मुख्यालय आज इथेच आहे. जगभरातून इंजिनिअर येतात, आणि घरं तेवढ्या वेगाने बांधली जात नाहीत. मार्च २०२४ मध्ये डच सरकारने या पट्ट्यातली घरं, रस्ते, वीज आणि शिक्षण यांसाठी अडीच अब्ज युरोंची योजना जाहीर केली, यावरून ताण किती आहे ते कळावं.

वस्ती शांत. गल्लीत गाड्यांपेक्षा सायकली जास्त, मध्ये एक हिरवळ, तिच्यावर घसरगुंडी. आइंडहोवन विमानतळ जवळ असल्यामुळे आवाजाची शंका होती, म्हणून दोघं वेगवेगळ्या वेळी, एकदा पावसातही, तिथे चालून आले. हा भाग मी इथेच सोडते, कारण त्यात काही विशेष निघालं नाही.

घर १९७१ चं. मालकीणबाई तिथे पहिल्यापासून राहिल्या आणि वारल्या. विकणारी त्यांची तीन मुलं. जमीन कागदोपत्री २१८ चौरस मीटर, एनर्जी लेबल (घर ऊर्जा किती राखतं याची श्रेणी, ए चांगली आणि जी सगळ्यात वाईट) ई, मागितलेली किंमत ४,६९,००० युरो. फुंडा या संकेतस्थळावरच्या फोटोंत बाग फुटबॉल खेळावा एवढी दिसत होती. पण वाइड अँगल लेन्समधून कुणाचं न्हाणीघरसुद्धा हॉल वाटतं.

त्यांनी स्वतःचा माकलार, म्हणजे खरेदीदाराच्या बाजूचा दलाल, नेमला होता. हा खर्च वाचवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. माझं मत असं की भाषा येत नसेल आणि घर ५० वर्षं जुनं असेल, तर इथे हात आखडू नये. विकणाऱ्याचा माकलार कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचाच माणूस असतो.

वारसांनी विकलेलं घर

डच कायद्यात दोन कर्तव्यं समोरासमोर उभी असतात. विकणाऱ्याने माहीत असलेले दोष सांगायचे, आणि घेणाऱ्याने स्वतः तपासायचं. सौदा फसला की न्यायालयात प्रश्न हाच येतो, की कुणी कुठे कमी केलं. पण घर वारस विकत असतील तर करारात एक वेगळं कलम येतं : आम्ही या घरात राहिलेलो नाही, त्यामुळे राहणाऱ्याला कळले असते असे दोष आम्हाला ठाऊक असतीलच असं नाही, आणि त्याचा धोका घेणाऱ्याचा. त्याच्या जोडीला जुन्या घराचं कलम, म्हणजे या वयाच्या घराकडून नव्या घराच्या दर्जाची अपेक्षा ठेवू नये. आणि ॲस्बेस्टॉसचं कलम, कारण नेदरलँड्समध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १ जुलै १९९३ रोजी आली, आणि हे घर त्याच्या वीसेक वर्षं आधीचं.

तिन्ही कलमं एका करारात आली की घेणाऱ्याच्या हातात तपासणीशिवाय फारसं काही उरत नाही. विकणाऱ्याची प्रश्नावली असते, छत गळतं का, तळात पाणी येतं का, असे पन्नास प्रश्न. इथे निम्म्याहून जास्त उत्तरं 'माहीत नाही' अशी होती. यात लबाडी नव्हती. थोरली मुलगी तर घर दाखवताना स्वतःहून म्हणाली, "आईने काय केलं, काय नाही, आम्हाला खरंच ठाऊक नाही."

भिंतीत काय होतं

म्हणून बोली लावताना त्यांनी इमारत-तपासणीची अट ठेवली. ठरावीक रकमेच्या वर तातडीचं काम निघालं तर करार मोडता येईल, अशी. गर्दीच्या बाजारात लोक ही अट सोडून देतात, कारण अट नसलेली बोली विकणाऱ्याला आवडते. या घराच्या बाबतीत अट सोडणं म्हणजे डोळे मिटून सही करणं झालं असतं.

तपासनीस सकाळी आला तो आधी दारातलं पायपुसणं उचलून. त्याखाली एक चौकोनी झाकण असतं, तळमजल्याच्या खालच्या रांगण्याच्या पोकळीत उतरायचं. तो पोटावर आत गेला आणि दहा मिनिटांनी गुडघ्याला कोरडी वाळू लावून बाहेर आला. ही चांगली बातमी होती. फेल्डहोवन ज्यात येतं त्या ब्राबांट प्रांताची जमीन वाळूची, त्यामुळे इथली घरं साधारणपणे थेट वाळूवरच्या पायावर उभी असतात. पश्चिमेकडे झांडाम, गौडा किंवा रॉटरडॅमच्या जुन्या भागात दलदलीच्या जमिनीत लाकडी खुंटांवर घरं आहेत. भूजल खाली गेलं की खुंट उघडे पडतात, सडतात, आणि पायाच्या दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस बसतो. फेल्डहोवनमध्ये तो प्रश्न नव्हता, आणि माझ्या मते या घराच्या बाजूने पडलेला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता, जरी फुंडावरच्या जाहिरातीत त्याचा शब्दही नव्हता.

मग तो बाजूच्या भिंतीपाशी गेला. भिंत नैऋत्येला तोंड करून, आणि नेदरलँड्समधला वारा-पाऊस बहुतेक तिकडूनच येतो. विटांमधल्या सांध्यांत भरलेला चुना-सिमेंटचा माल किल्लीने खरवडला तर पिठासारखा गळत होता. सांध्यात एक बारीक भोक पाडून त्याने कॅमेऱ्याची नळी आत सरकवली आणि पडदा आमच्याकडे वळवला. बाहेरच्या आणि आतल्या भिंतीमध्ये पाचेक सेंटीमीटरची फट, रिकामी. बांधताना पडलेले मालाचे गोळे तळाशी तसेच. इन्सुलेशनचा मागमूस नाही.

आता गणित करू. घराची रुंदी ६ मीटर, खोली ९ मीटर. समोरची आणि मागची भिंत खिडक्या-दारं वजा केली तर दोन्ही मिळून ३० ते ३५ चौरस मीटर विटा उरतात. बाजूची भिंत वरच्या त्रिकोणासकट एकटी ६५ च्या आसपास. म्हणजे मधल्या घराच्या तुलनेत कॉर्नरच्या घराला थंडीत उघडा राहणारा विटांचा भाग जवळजवळ तिप्पट. लेबल ई कशामुळे, याचं उत्तर पडद्यावर होतं.

गॅसचं बिल कमी आहे, हे विकणाऱ्याच्या माकलारने दोनदा सांगितलं होतं. ते खरंही होतं. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी शेवटची काही वर्षं फक्त बैठकीची खोली तापवली होती. लहान मूल असलेल्या, घरून काम करणाऱ्या कुटुंबाने त्या आकड्यावर हिशोब मांडू नये.

अहवालातल्या बाकी गोष्टी किरकोळ ते मध्यम होत्या. खिडकीवरची लोखंडी तुळई गंजून फुगल्यामुळे विटांत पायऱ्यांसारखी गेलेली भेग, चिमणीभोवतीचं फाटलेलं शिशाचं पत्र, जुना वीजफलक. बागेतल्या शेडवर नागमोडी पत्रे, ते ॲस्बेस्टॉसचेच. अखंड, स्क्रूने बसवलेले आणि ३५ चौरस मीटरच्या आत असतील तर खाजगी माणसाला असे पत्रे नगरपालिकेला कळवून, ठरलेल्या रीतीने ओले करून, दुहेरी प्लास्टिकात गुंडाळून स्वतः काढता येतात. इथे ते आठ-नऊ चौरस मीटर होते. वरच्या खोलीत गालिच्याखाली जुनं व्हिनाइल निघालं, त्याचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला, त्यात काही सापडलं नाही.

हिरवा पट्टा

दुसरा विषय जमिनीचा, आणि तो कुणाच्या डोक्यातही नव्हता. तो वर आला मिरजेहून आलेल्या फोनमुळे. वडिलांनी घराची दिशा वगैरे काही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न एकच होता : "अरे, मोजणी झाली का?" मुलगा म्हणाला, "बाबा, इथे सगळं ऑनलाइन असतं." वडील म्हणाले, "बांध ऑनलाइन नसतो." ज्या घराने बांधावरून दोन पिढ्या भावकीचं भांडण पाहिलं आहे, त्या घरातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

काडास्टर हे तिकडचं भूमापन खातं. त्याचा नकाशा आणि बाग शेजारी ठेवली तेव्हा जमेना. नकाशात बाजूच्या भिंतीपासून हद्द जेमतेम १.४ मीटरवर होती. प्रत्यक्षात भिंतीपासून कुंपणाच्या झाडांपर्यंत ३.२ मीटर जागा होती, आणि तिच्यात मालकीणबाईंची हायड्रेंजियाची रांग, एक बाक आणि कपडे वाळत घालायचा दांडा. मधला १.८ मीटर रुंद, १४ मीटर लांब पट्टा, म्हणजे साधारण २५ चौरस मीटर, नगरपालिकेचा. काडास्टरच्या नकाशावरची रेष सूचक असते, हातभर इकडेतिकडे होऊ शकते, आणि अचूक हद्द हवी तर पैसे भरून त्यांच्या मोजणीदाराला बोलवावं लागतं. पण पावणेदोन मीटर ही रेषेची चूक नव्हे.

अशा पट्ट्या देशभर आहेत. १९७० च्या आसपासच्या वस्त्या आखताना पायवाट आणि घर यांच्यामध्ये झुडपांची जागा सोडली, कॉर्नरच्या घरांनी ती हळूहळू बागेत घेतली, नगरपालिकेने काणाडोळा केला, कारण झुडपं छाटायचा खर्च वाचत होता. मग एक पिढी गेली की सगळ्यांना ती आपलीच वाटते.

विकणाऱ्याच्या माकलारचं उत्तर ठरलेलं होतं. इतकी वर्षं वापरात आहे, मुदतीने ती घराचीच झाली. ऐकायला बरं वाटतं आणि अर्धं खरंही आहे. डच दिवाणी कायद्यात सद्भावनेने १० वर्षं ताबा असेल तर मालकी मिळू शकते, आणि सद्भावना नसली तरी २० वर्षांनी मूळ मालकाचा जमीन परत मागण्याचा हक्क संपतो व ताबेदार मालक होतो. मात्र २४ फेब्रुवारी २०१७ रोजी डच सर्वोच्च न्यायालयाने ह्यूस्डन या ब्राबांटमधल्याच नगरपालिकेच्या प्रकरणात एक दार उघडून ठेवलं : दुसऱ्याची जमीन आहे हे ठाऊक असून ज्याने ती बळकावली, त्याच्यावर मूळ मालक नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो, आणि ती भरपाई म्हणून जमीनच परत मागू शकतो. तेव्हापासून नगरपालिका या पट्ट्यांबाबत जाग्या झाल्या आहेत.

जोडप्याच्या माकलारने बोली लावायच्या आधी विकणाऱ्यांना एक साधं पत्र लिहिलं. पट्ट्याबाबत आईच्या कागदांत काही आहे का? चार दिवसांनी थोरल्या मुलीने एक फोटो पाठवला. १९८६ चं टंकलिखित पत्र, नगरपालिकेच्या शिक्क्याचं. श्रीमती अमुक यांना घरालगतची हिरवी जागा बागेसाठी विनामूल्य वापरायला देत आहोत, बांधकाम करू नये, मागितल्यावर परत करावी.

त्या एका पत्राने मुदतीचा सगळा मुद्दा मोडीत निघाला. परवानगीने वापरणारा माणूस ताबेदार धरला जात नाही, तो मालकाच्या वतीने जागा सांभाळणारा असतो. त्याने ५० वर्षं वापरली तरी घड्याळ सुरूच होत नाही. आणि अशी परवानगी व्यक्तीला दिलेली असते, घराला नव्हे. बाई गेल्या, परवानगीचा आधारही गेला.

मला इथे त्या मुलीचं कौतुक वाटतं. पत्र फाडून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

बाजूने वाढवायचं स्वप्न

या पट्ट्याला एवढं महत्त्व का, तर घर घ्यायचं मूळ कारणच बाजूची जागा होती. बायकोच्या डोक्यात पक्कं होतं : स्वयंपाकघराची भिंत पाडून बाजूला तीन मीटर वाढवायचं, मोठं टेबल, वर काच. मोठं स्वयंपाकघर हवं तर मधल्या घरात मिळणार नाही, म्हणून कॉर्नर.

१.४ मीटरमध्ये तीन मीटरचं काही बसत नाही, ही पहिली अडचण. दुसरी अडचण जागा स्वतःची असती तरी आली असती. मागच्या आवारात ठरावीक अटींत परवानगीविना बांधता येतं, मूळ घरापासून ४ मीटर खोलीपर्यंतचा वाढीव भाग त्यात बसू शकतो. पण कॉर्नरच्या घराची बाजू सार्वजनिक पायवाटेला तोंड देत असेल तर ती नियमांच्या नजरेत मागचं आवार ठरत नाही, तिला दर्शनी बाजूसारखंच वागवतात. तिथे परवानगी लागते, आणि वस्तीची रेषा बिघडते म्हणून ती नाकारली जाऊ शकते. कुंपणाचंही तेच. मधल्या घराला मागे दोन मीटरची लाकडी भिंत सहज चालते. कॉर्नरच्या घराने पायवाटेलगत एक मीटरपेक्षा उंच काही उभारलं की प्रश्न येतो. म्हणूनच फेल्डहोवनच काय, देशभरच्या कॉर्नरच्या घरांना जिवंत झाडांचं कुंपण दिसतं. झाड म्हणजे बांधकाम नव्हे, ते हवं तेवढं वाढवा.

म्हणजे ज्या बाजूच्या जागेसाठी कॉर्नरचं घर जादा भावाने घेतात, तीच जागा नियमांनी सगळ्यात जास्त बांधलेली. हे जाहिरातीत नसतं, आणि मधल्या घराशी तुलना करताना किती जण हे धरतात याची मला शंका आहे.

मागच्या बाजूलाही एक बारीक गोष्ट निघाली. रांगेतल्या बाकी घरांचे कचऱ्याचे डबे आणि सायकली ज्या बोळातून रस्त्यावर येतात, त्याचा शेवटचा तुकडा या घराच्या जमिनीतून जातो. १९७१ च्या मूळ खरेदीखतात शेजाऱ्यांचा वाटेचा हक्क लिहिलेला आहे. बोळाला कुलूप लावायचं तर सगळ्यांना किल्ली द्यावी लागेल. यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, फक्त २१८ चौरस मीटरमधले काही मीटर चालत्या लोकांचे आहेत हे ध्यानात ठेवायचं.

बोली

पट्ट्याची किंमत शून्य, लेबल ई म्हणजे भिंतीचं काम निघणारच, मागे वाढवता येईल, असं धरून दोघांनी पुन्हा आकडा मांडला. बोली बंद पाकिटाची, ठरल्या दिवशी ठरल्या वेळेपर्यंत. प्रत्येकाची एकच संधी. २०२३ पासून दलालांच्या संघटनांनी बोलींची नोंदवही सक्तीची केली आहे, त्यामुळे व्यवहार झाल्यावर बाकीच्या बोली पाहता येतात. त्यांची बोली ४,९१,००० युरो, कर्ज आणि तपासणी अशा दोन्ही अटींसह. नंतर नोंदवहीत दिसलं की एक बोली त्यांच्यापेक्षा थोडी वरची होती.

मग यांना का दिलं? डच रिवाजाप्रमाणे घर रिकामं करून, झाडून पुसून द्यायचं असतं. दिवे, पडदे, कधीकधी जमिनीचं लाकूडसुद्धा लोक सोबत नेतात. इथे तिन्ही भावंडं तीन गावांत, आईचं ५० वर्षांचं सामान घरात. यांच्या माकलारने बोलीसोबत लिहिलं की शेड, माळा आणि तळघरासारखी पोकळी जशी आहे तशी चालेल, भावंडांनी हवं ते न्यावं, उरलेलं आम्ही काढू. दुसरी ओळ होती तारखेची : किल्ली तुम्ही म्हणाल तेव्हा. आकड्यातला फरक या दोन ओळींनी भरून काढला. माळ्यावर नंतर काय काय निघालं तो वेगळाच विषय आहे.

लेखी करारावर सही झाली आणि खरेदीदाराची तीन दिवसांची विचाराची मुदत सुरू झाली. या काळात कारण न देता माघार घेता येते. त्यानंतर दहा टक्क्यांची बँक हमी, आणि अटींच्या तारखा. या तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहाव्यात अशा असतात, कारण एक दिवस उशीर झाला की अट संपते आणि माघार घेतली तर दहा टक्के दंड.

पैसे

मूल्यांकन ४,८५,००० युरोंचं आलं. नेदरलँड्समध्ये बँक घराच्या मूल्याच्या १०० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, पण मूल्याच्या, बोलीच्या नव्हे. वरचे ६,००० खिशातून.

मालमत्ता हस्तांतर कर स्वतः राहणाऱ्यासाठी २ टक्के. ३५ वर्षांखालच्या खरेदीदाराला एकदाच तो माफ होतो, घराची किंमत मर्यादेत असेल तर, आणि २०२४ मध्ये ती मर्यादा ५,१०,००० होती. माफी माणसागणिक असते. ती ३३ ची, तिच्या अर्ध्या वाट्यावर शून्य. तो ३६ चा, त्याच्या वाट्याच्या २,४५,५०० वर ४,९१० युरो. दीड वर्ष आधी घेतलं असतं तर, हे वाक्य त्या घरात बऱ्याचदा म्हटलं गेलं. २०२३ मध्येही मर्यादा ४,४०,०००च होती, तेव्हा हे घर तिच्यात बसलंच नसतं, असं मी सांगितल्यावर ते थांबलं.

माकलार, कर्जसल्लागार, मूल्यांकन, तपासणी, नोटरी, दुभाषी असे बाकीचे खर्च मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास. म्हणजे कर्जाबाहेर वीस हजारांवर रोख लागली. परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या करसवलतीची त्याची पाच वर्षांची मुदत आदल्या वर्षीच संपली होती, तेव्हा हातातला पगार कमी झालेला. राष्ट्रीय गृहकर्ज हमी योजनेची मर्यादा २०२४ मध्ये ४,३५,००० होती, त्यामुळे तिचा स्वस्त व्याजदरही नाही.

लेबलमुळे एक सोय झाली. २०२४ पासून कर्जाची क्षमता मोजताना एनर्जी लेबल धरतात. चांगल्या लेबलच्या घराला जास्त कर्ज मिळतं, ई, एफ आणि जीला काहीच जादा नाही. उलट ई ते जीच्या घरात ऊर्जा वाचवणाऱ्या कामांसाठी २०,००० युरोंपर्यंतची रक्कम पगाराच्या निकषाबाहेर कर्जात घेता येते. ती बँकेकडे वेगळ्या खात्यात राहते आणि बिलं दाखवली की सुटते. यांनी ती पूर्ण घेतली.

सहीच्या दिवशी सकाळी घराची शेवटची फेरी, मीटरचे आकडे, मग नोटरीचं कार्यालय. खरेदीखत आणि गहाणखत वाचून दाखवलं, दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं. ज्याला डच समजत नाही त्याच्यासाठी दुभाषी असावाच लागतो. त्याच दिवशी काडास्टरमध्ये नोंद.

नंतरचं वर्ष

छत आतून, तळमजला पोकळीतून, आणि काचा, ही तीन कामं पहिल्या थंडीआधी झाली. भिंत राहिली, आणि तिच्या आड आली वटवाघळं. विटांच्या भिंतीत हवा खेळावी म्हणून काही उभे सांधे उघडे सोडलेले असतात. पाचेक ग्रॅमचं छोटं वटवाघूळ तेवढ्या फटीतून आत शिरतं आणि रिकाम्या पोकळीत पिल्लं वाढवतं. ही जात संरक्षित आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी राड फान स्टाट या प्रशासकीय न्यायपीठाने उट्रेख्टमधल्या एका प्रकरणात सांगितलं, की पोकळी भरण्याआधी तिथे वटवाघळं नाहीत याची पुरेशी खात्री करावी लागेल. तेव्हापासून 'उद्या येतो, दोन तासांत भिंत भरून देतो' म्हणणारे ठेकेदार सावध झाले. यांच्या ठेकेदारानेही उन्हाळ्यात हात लावायला नकार दिला, आणि तपासणी ऋतूंप्रमाणे चालते. इन्सुलेशनची दोन कामं २४ महिन्यांत झाली तर सरकारी अनुदानाचा दर दुप्पट होतो. बाकीच्या कामांवर तो मिळाला, म्हणून भिंतीच्या उशिराचा फटका त्या बाजूने बसला नाही. थंडीत बसला. बाजूच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत मुलीचा पलंग होता, तो जानेवारीत शेजारच्या भिंतीकडे सरकवला.

सांधे मात्र आधी खरवडून नव्याने भरून घेतले, उघडे सांधे उघडे ठेवून. ओल्या भिंतीत इन्सुलेशन भरणं म्हणजे ओलीला आत यायला वाट करून देणं.

पट्टा विकत घ्यायचा अर्ज त्यांनी नगरपालिकेला केला. उत्तर नकाराचं आलं, कारण जमिनीखालून पाण्याची मुख्य वाहिनी आणि केबल जातात, आणि अशी जागा नगरपालिका हातची सोडत नाही. त्याऐवजी १९८६ सारखाच वापराचा करार, दोघांच्या नावाने : बाग चालेल, बांधकाम नाही, खोल मुळांची झाडं नाहीत, दुरुस्तीसाठी खणायचं झालं तर मोकळी करून द्यावी. हायड्रेंजिया राहिली, बाक राहिला. स्वयंपाकघर मागच्या बाजूला अडीच मीटर वाढणार आहे, नकाशे तयार आहेत.

नवा करारही त्यांच्यापुरताच आहे. घर विकलं की तो संपतो, पुढच्या मालकाला नव्याने अर्ज करावा लागेल. आणि पट्टा आपला नाही हे विक्रीच्या प्रश्नावलीत लिहिण्याचं कर्तव्य तेव्हा या दोघांचं असेल. 'माहीत नाही' असं उत्तर त्यांना लिहिता येणार नाही.